यूएसबी उपकरण व्हर्च्युअल मशीनमध्ये दिसत नाही तेव्हा

व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकाला, यूएसबी उपकरण जोडून देणे हे मेनूतल्या एका क्लिकचे काम आहे आणि बहुतेक वेळा ते खरोखरच तेवढ्यात होते. ज्या दिवशी ते होत नाही, त्या दिवशी पडद्यावर येणारे संदेश मात्र इतके मोघम असतात की माणूस सुचेल तो उपाय करत सुटतो. पोर्ट बदलून पाहतो, एक्स्टेन्शन पॅक हे जोड-सॉफ्टवेअर पुन्हा टाकतो, व्हर्च्युअल मशीन रीस्टार्ट करतो आणि शेवटी गेस्टमधले, म्हणजे त्या आतल्या मशीनमधले, विंडोजच नव्याने बसवतो. त्यातला एखादा उपाय लागू पडतो, पण तो का लागू पडला हे कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तीच अडचण आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. या लेखात मला एकच पद्धत सविस्तर मांडायची आहे. यूएसबी उपकरणाचा ताबा एका वेळी एकाकडेच असतो हे पक्के धरावे आणि उपकरणापासून सुरुवात करून एकेक पातळी वर चढत, प्रत्येक ठिकाणी ताबा कोणाकडे आहे एवढेच विचारत जावे.

याचे कारण यूएसबीच्या रचनेतच आहे. यूएसबीमध्ये होस्ट कंट्रोलर, म्हणजे संगणकातली यूएसबी सांभाळणारी चिप, सूत्रे हाती धरून असतो आणि त्याने विचारल्याशिवाय कोणतेही उपकरण बोलत नाही. उपकरण लावले की कंट्रोलर त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता देतो आणि त्याच्याकडून त्याची माहिती मागवतो. त्या माहितीतला उत्पादकाचा क्रमांक, उत्पादनाचा क्रमांक आणि उपकरणाचा वर्ग पाहून ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या प्रत्येक इंटरफेसला, म्हणजे एकेका कामाच्या भागाला, एक ड्रायव्हर नेमून देते. ज्याने इंटरफेस घेतला, त्याने तो सोडेपर्यंत दुसऱ्या कोणाला तो मिळत नाही. पासथ्रूमध्ये, म्हणजे उपकरण गेस्टच्या हाती सोपवताना, होस्टवरच्या, म्हणजे खऱ्या संगणकावरच्या, ड्रायव्हरने उपकरण सोडायचे असते, व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमने ते उचलायचे असते आणि मग गेस्टमधल्या आभासी कंट्रोलरवर ते नव्याने लावल्यासारखे दाखवायचे असते. भाड्याच्या घरातून पहिला भाडेकरू सामान हलवत नाही, तोवर दुसऱ्याच्या हातात किल्ली देऊन उपयोग नसतो. पासथ्रूच्या बऱ्याचशा तक्रारी या न हललेल्या सामानाच्या असतात.

उदाहरणासाठी मी डिजिटल सिग्नेचरचे, म्हणजे संगणकावर सही करण्याचे पेनड्राइव्हसारखे, टोकन घेतो, कारण सीए, कंपनी सेक्रेटरी आणि सरकारी कंत्राटदार यांच्या कार्यालयांत ते असतेच आणि ते चालले नाही तर काम तिथेच थांबते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार मान्य असलेल्या या सह्यांपैकी क्लास २ ची नवी प्रमाणपत्रे १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली आणि आता सगळीकडे क्लास ३ चालते. सहीची खासगी किल्ली टोकनच्या आतच तयार होते आणि ती बाहेर काढता येत नाही, हेच त्या टोकनचे प्रयोजन आहे. त्यामुळे एखादी फाइल गेस्टमध्ये कॉपी करून काम भागत नाही. टोकन जसेच्या तसे गेस्टपर्यंत पोहोचवावे लागते. माझ्या मेव्हण्यांच्या सीए कार्यालयात मुख्य संगणकावर लिनक्स आहे आणि सह्यांचे सगळे काम केव्हीएम या लिनक्समधल्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीवर चालणाऱ्या विंडोजमध्ये होते, कारण वेगवेगळ्या पोर्टलांच्या साइनिंग युटिलिटी, म्हणजे सही करणारे छोटे प्रोग्रॅम, एकमेकींच्या आड येतात आणि त्यांच्यासाठी वेगळे, स्वच्छ विंडोज ठेवणे सोयीचे पडते. टोकनांवर क्लायंटच्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, त्यांतली बहुतेक एकाच मॉडेलची असतात आणि दिवसभर ती एकामागून एक लावली-काढली जातात. पासथ्रूची परीक्षा पाहायला याहून कठीण परिस्थिती क्वचितच मिळेल.

पहिला प्रश्न व्हर्च्युअल मशीनबद्दलचा नाहीच. उपकरण होस्टला नीट दिसते आहे का, हे आधी पाहावे. लिनक्सवर टर्मिनलमध्ये डीमेसेज (dmesg) ही आज्ञा चालू नोंदी दाखवत राहील अशा पर्यायासह उघडी ठेवावी आणि मग उपकरण लावावे. सारे ठीक असेल तर दोन-चार ओळी उमटतात: अमुक बसवर, म्हणजे अमुक यूएसबी मार्गावर, नवे फुल-स्पीड उपकरण सापडले, त्याला सात हा क्रमांक मिळाला, त्याचा उत्पादक क्रमांक ०९६ई आणि उत्पादन क्रमांक ०८०७ आहे. हे दोन क्रमांक ईपास २००३ या आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या टोकनचे आहेत. फुल-स्पीड म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिट. त्याखाली दीड मेगाबिटचा लो-स्पीड आहे, वर ४८० मेगाबिटचा हाय-स्पीड आणि ५ गिगाबिटचा सुपर-स्पीड. हा वेगाचा शब्द लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येतो.

याच नोंदींत उणे ७१ किंवा उणे ११० हे त्रुटी-क्रमांक दिसले तर व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगना हातही लावू नये. पहिला क्रमांक तारेवरचा संवाद बिघडल्याचे सांगतो आणि दुसरा उपकरणाने वेळेत उत्तर न दिल्याचे. दोन्हींची मुळे केबलमध्ये, ढिल्या पोर्टमध्ये किंवा अपुऱ्या विजेत असतात. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतल्या लांब वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात, आणि टेबलावर सोयीसाठी ठेवलेला, स्वतःचा वीजपुरवठा नसलेला हब त्यात आणखी भर घालतो. मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये उपकरण थेट लावून पाहणे हा उपाय साधा आहे, पण तो इतर सगळ्या प्रयोगांच्या आधी करायचा आहे, कारण पाया डळमळीत असताना वरच्या पातळीवर काढलेला कोणताही निष्कर्ष भरवशाचा नसतो.

होस्टला उपकरण दिसते आहे हे ठरले की होस्टवर ते कोणी धरले आहे, हे शोधावे. मला सगळ्यांत जास्त वेळ देण्यासारखी पातळी हीच वाटते. एलएसयूएसबी ही आज्ञा झाडासारखी मांडणी दाखवणाऱ्या पर्यायासह चालवली की प्रत्येक इंटरफेससमोर त्याच्या ड्रायव्हरचे नाव येते. पेनड्राइव्हसमोर यूएसबी-स्टोरेज असे दिसेल, कीबोर्डसमोर यूएसबीएचआयडी. ही कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, ड्रायव्हरची नावे आहेत आणि ती दिसली तर काळजीचे कारण नाही, कारण केव्हीएमच्या जोडीने व्हर्च्युअल मशीन चालवणारा क्यूईएमयू हा प्रोग्रॅम कर्नलच्या ड्रायव्हरला बाजूला करून उपकरण स्वतःकडे घेऊ शकतो. अडचण येते ती तिथे यूएसबीएफएस हे नाव दिसले तर. त्याचा अर्थ असा की कर्नलबाहेरच्या, म्हणजे साध्या प्रक्रियेच्या रूपात चालणाऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅमने तो इंटरफेस धरला आहे. क्यूईएमयू यूएसबीसाठी ज्या लिबयूएसबी या लायब्ररीवर चालतो, ते लिबयूएसबी कर्नलचा ड्रायव्हर हटवते, पण दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हातातला इंटरफेस हिसकावून घेत नाही. तो प्रोग्रॅम स्वतःहून सोडेपर्यंत 'उपकरण व्यस्त आहे' एवढेच उत्तर मिळत राहते.

टोकनच्या बाबतीत हा प्रोग्रॅम जवळजवळ नेहमीच पीसीएससीडी असतो. स्मार्ट कार्ड वाचणारी ही सर्व्हिस अनेक लिनक्स वितरणांत दुसऱ्याच एखाद्या पॅकेजबरोबर येऊन बसते आणि वापरणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो. टोकन संगणकाला रीडरमधल्या स्मार्ट कार्डसारखेच दिसत असल्याने ते लागताच ती ते उचलते. लोक ती सर्व्हिस थांबवतात, पासथ्रू चालतो, आणि थोड्या वेळाने टोकन पुन्हा काढून लावले की पुन्हा 'व्यस्त' असा संदेश येतो. याचे कारण असे की सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टिमडीमध्ये पीसीएससीडीच्या सर्व्हिसबरोबर तिचे एक सॉकेटही, म्हणजे चौकशी ऐकत बसलेले दारही, चालू असते आणि कोणत्याही प्रोग्रॅमने स्मार्ट कार्डची चौकशी केली की ते सॉकेट सर्व्हिसला पुन्हा उठवते. फायरफॉक्सला ओपनएससी या स्मार्ट कार्डच्या सॉफ्टवेअरचे मॉड्यूल जोडलेले असेल तर ब्राउझरने प्रमाणपत्रे शोधायला सुरुवात करणे एवढे निमित्तही त्याला पुरते. म्हणून आधी सॉकेट आणि मग सर्व्हिस अशी दोन्ही थांबवावी लागतात. होस्टवर स्मार्ट कार्डचे काहीच काम नसेल तर दोन्ही कायमची मास्क, म्हणजे पुन्हा सुरूच होणार नाहीत अशी, करून टाकणे मला योग्य वाटते. होस्टवरही काम असेल, तर ठरावीक नावाचा रीडर वगळण्याची सोय पीसीएससीडीमध्ये आहे, ती वापरावी. ग्नूपीजी या सांकेतीकरणाच्या सॉफ्टवेअरचा एससीडीमन हाही असाच दुसरा दावेदार आहे. त्याच्याकडे रीडरशी थेट बोलणारा स्वतःचा ड्रायव्हर असल्यामुळे पीसीएससीडी बंद असतानाही तो टोकन धरून बसू शकतो. नेमके कोण आहे हे पाहायचे असेल तर उपकरणाच्या बस क्रमांकाची आणि उपकरण क्रमांकाची फाइल एलएसओएफ या आज्ञेला द्यावी. ती फाइल उघडून बसलेल्या प्रक्रियेचे नाव लगेच समोर येते. तिथे क्यूईएमयूचेच नाव आले तर ताबा योग्य ठिकाणी पोहोचला आहे आणि अडचण त्याच्या वरच्या पातळीवर आहे.

पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्कच्या बाबतीत इथे एक गंभीर गोष्ट सांगायला हवी. कर्नलचा ड्रायव्हर सहज हटतो, म्हणजेच होस्टवर माउंट केलेली, म्हणजे वापरासाठी उघडलेली, डिस्कसुद्धा सहज हटते, आणि त्या क्षणी लिहायची राहिलेली माहिती तिथेच नष्ट होते. डेस्कटॉप वातावरण डिस्क लावताच आपोआप माउंट करते, म्हणून पासथ्रूच्या आधी ती रीतसर अनमाउंट करायलाच हवी.

होस्ट विंडोज असेल तर हीच मध्यस्थी व्हर्च्युअल मशीन चालवणारे प्रत्येक उत्पादन आपापल्या पद्धतीने करते. व्हीएमवेअर वर्कस्टेशनची यूएसबी आर्बिट्रेशन नावाची सर्व्हिस बंद पडली असेल तर उपकरणांची यादीच नीट मिळत नाही. व्हर्च्युअलबॉक्स त्यासाठी स्वतःचा ड्रायव्हर बसवतो.

परवानगीची पातळी लवकर ओलांडता येते. लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स वापरणारा माणूस व्हीबॉक्सयूजर्स या गटात नसेल तर त्याला उपकरणांची यादी रिकामी दिसते. गटात नाव घातल्यावर लॉग-आउट करून पुन्हा लॉग-इन करावे लागते, नुसती खिडकी बंद करून भागत नाही. लिबव्हर्ट या व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरखाली चालणाऱ्या केव्हीएममध्ये उपकरणाच्या फाइलची मालकी लिबव्हर्ट स्वतःच बदलून देते, त्यामुळे तिथे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

यानंतर येतो गेस्टमधला आभासी कंट्रोलर, आणि मघाशी लक्षात ठेवलेला वेगाचा शब्द इथे लागतो. क्यूईएमयूमध्ये केवळ ईएचसीआय, म्हणजे यूएसबी २.० चा कंट्रोलर दिला आणि त्याच्या जोडीला जुन्या वेगाचे सहकंट्रोलर दिले नाहीत, तर तो फक्त हाय-स्पीड उपकरणे स्वीकारतो. आपले टोकन १२ मेगाबिटचे, म्हणजे फुल-स्पीड असते. अशा वेळी वेग जुळत नसल्याची सूचना लॉगमध्ये पडते आणि गेस्टमध्ये काहीच दिसत नाही. नव्या उपकरणासाठी नवा कंट्रोलर चालेल पण जुन्यासाठी जुनाच लागेल, हा समज इथे उपयोगाचा नाही, कारण एक्सएचसीआय हा यूएसबी ३ चा कंट्रोलर सगळे वेग सांभाळतो. विंडोज ८ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत त्याचा ड्रायव्हर मुळातच असतो, तेव्हा गेस्ट त्याहून जुना नसेल तर डोळे झाकून एक्सएचसीआय निवडावा. विंडोज ७ मध्ये तो ड्रायव्हर नाही, म्हणून तिथे ईएचसीआय आणि त्याचे सहकंट्रोलर असा संच द्यावा लागतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूएसबी २.० आणि ३.० साठी पूर्वी वेगळा एक्स्टेन्शन पॅक लागत असे. २०२२ मध्ये आलेल्या ७.० या आवृत्तीपासून ते दोन्ही कंट्रोलर मूळ पॅकेजमध्येच आहेत, त्यामुळे जुन्या सूचनांवरून आजही तो पॅक शोधत बसण्याची गरज नाही.

आता त्या सीए कार्यालयातल्या खऱ्या दुखण्याकडे येतो. सकाळी पहिले टोकन लावून व्हर्च्युअल मशीन सुरू केले की सही व्यवस्थित होत असे. ते काढून दुसऱ्या क्लायंटचे लावले की विंडोजला काहीच कळत नसे. मशीन बंद करून पुन्हा चालू केले की ते टोकन दिसे, आणि तिसऱ्याच्या वेळी पुन्हा तोच प्रकार. टोकने एकाच मॉडेलची, क्रमांक तेच, पोर्ट तोच, तरीही असे का व्हावे?

उपकरण प्रत्येक वेळी काढून लावले की होस्ट त्याला नवा उपकरण क्रमांक देतो. मघाचे सात आता आठ होते, नंतर नऊ. क्यूईएमयूला थेट आज्ञा देताना उत्पादक आणि उत्पादन क्रमांक सांगितले तर तो लक्ष ठेवून राहतो आणि त्या क्रमांकांचे उपकरण पुन्हा लागताच ते उचलतो. लिबव्हर्ट मात्र तसे करत नाही. त्याच्या फाइलमध्ये आपण उत्पादक आणि उत्पादन क्रमांक लिहिले असले, तरी उपकरण जोडण्याच्या क्षणी लिबव्हर्ट त्यांचा शोध घेऊन बस आणि उपकरण क्रमांकाचा नेमका पत्ता काढते आणि क्यूईएमयूला तो पत्ताच देते. टोकन निघाले की तो पत्ता मेला. लिबव्हर्ट खिडकीतून हाताळायच्या व्हर्ट-मॅनेजर या प्रोग्रॅमच्या यादीत उपकरणाचे नाव तसेच दिसत राहते, म्हणून पाहणाऱ्याचा समज होतो की जोडणी कायम आहे. क्यूईएमयूवरच उभी असलेली प्रॉक्समॉक्स ही व्यवस्था वापरणाऱ्यांना हा अनुभव सहसा येत नाही, कारण ते क्रमांक क्यूईएमयूला थेट पुरवते. एकाच सॉफ्टवेअरवर उभ्या असलेल्या दोन व्यवस्था इतक्या वेगळ्या वागतात, यामागचे कारण एवढेच आहे.

त्यात एकाच मॉडेलची दोन टोकने एकाच वेळी लावलेली असली की लिबव्हर्ट त्या क्रमांकांची अनेक उपकरणे असल्याचे सांगून सरळ नकार देते, आणि तो नकार योग्यच आहे. कोणाची सही कोणत्या कागदावर होणार हा प्रश्न यंत्राच्या अंदाजावर सोडता येत नाही. उलट बाजूने, सुरुवातीला ठरलेले टोकन लावलेलेच नसेल तर मूळ सेटिंगनुसार व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाही. त्यासाठी उपकरणाच्या नोंदीत सुरुवातीचे धोरण ऐच्छिक करून ठेवावे लागते.

यावर दोन मार्ग आहेत. पहिल्यात टोकनांसाठी एक पोर्ट राखून ठेवायचे आणि त्या पोर्टवर काही लागले की यूडेव्ह या, उपकरणे लागल्या-निघाल्याची दखल घेणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेच्या नियमाने एक छोटी स्क्रिप्ट चालवायची. यूडेव्ह त्या घटनेबरोबर ताजा बस क्रमांक आणि उपकरण क्रमांक पुरवतो. स्क्रिप्टने ते घेऊन विर्श या लिबव्हर्टच्या टर्मिनलमधल्या साधनाने उपकरण चालू मशीनला जोडायचे आणि टोकन निघाल्यावर जुनी नोंद आठवणीने सोडवायची. ही सोडवण्याची बाजू लोक वगळतात आणि मग मेलेल्या नोंदी साठत जातात. पोर्टची ओळख १-४.२ अशा स्वरूपात मिळते, म्हणजे पहिली बस, चौथे पोर्ट, आणि त्यावर लावलेल्या हबचे दुसरे पोर्ट. ती टोकन बदलल्याने बदलत नाही, हीच तिची मोठी सोय.

दुसरा मार्ग स्पाइसमधून, म्हणजे गेस्टचा पडदा दाखवणाऱ्या प्रोटोकॉलमधून, उपकरण वळवण्याचा आहे. व्हर्ट-मॅनेजरच्या प्राधान्यक्रमांत उपकरण लागताच ते आपोआप वळवण्याचा पर्याय आहे. व्हर्च्युअल मशीनची खिडकी समोर असताना टोकन लावले की ते थेट गेस्टमध्ये जाते. माणूस त्याच संगणकासमोर बसून काम करत असेल तर हा मार्ग फार सुटसुटीत आहे, आणि मेव्हण्यांच्या कार्यालयात मी तोच ठेवला. त्याच्या मर्यादा आधी माहीत असाव्यात. गेस्टला वळवणीच्या जितक्या वाहिन्या दिल्या असतील, तितकीच उपकरणे एका वेळी वळतात. कीबोर्ड-माउसच्या वर्गातली उपकरणे आपोआप वळवण्यातून मुद्दाम वगळलेली असतात. एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरच्या टर्मिनलने, दुसरीकडून आलेल्या माणसाला वळवण्याची परवानगी बहुधा मिळत नाही. शिवाय रेड हॅटने आपल्या नवव्या एंटरप्राइझ आवृत्तीतून स्पाइस काढून टाकले आहे, तेव्हा त्या कुळातले होस्ट असतील तर पहिलाच मार्ग धरावा.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये या सगळ्याचे काम यूएसबी फिल्टर करतो आणि तो पुष्कळ सोपा आहे, फक्त एक काळजी घ्यावी. लावलेल्या उपकरणावरून फिल्टर बनवला की त्यात उत्पादक आणि उत्पादन क्रमांकाबरोबर नाव, उपकरणाचा आवृत्ती क्रमांक आणि असेल तर अनुक्रमांकही भरला जातो. मग तो फिल्टर त्या एकाच नगाला ओळखतो. दोन क्रमांक ठेवून बाकीचे रकाने रिकामे करावेत.

काही उपकरणे काम करता करता स्वतःची ओळखच बदलतात. आर्दुइनो लिओनार्डो हा प्रोग्रॅम चढवता येणारा छोटा बोर्ड नेहमीच्या अवस्थेत २३४१ या उत्पादकाचे ८०३६ क्रमांकाचे उत्पादन म्हणून हजर असतो आणि त्यात प्रोग्रॅम चढवायच्या वेळी तोच ००३६ म्हणून पुन्हा प्रकटतो. गेस्टला फक्त पहिलाच क्रमांक दिलेला असेल तर प्रोग्रॅम चढवणे नेमके मध्यावर तुटते. अँड्रॉइड फोन फास्टबूट या देखभालीच्या अवस्थेत गेला की असेच होते, आणि थ्रीजीच्या काळातले इंटरनेट डोंगल तर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून येत आणि मग मोडेम होत. इथे दोन्ही ओळखींसाठी दोन नोंदी कराव्यात किंवा पोर्टच्या ओळखीने जोडावे. गेस्ट उपकरण हाती येताच त्याला रीसेट करतो आणि काही उपकरणे त्या रीसेटमुळे पुन्हा पुन्हा निघून नव्याने लागतात. होस्टच्या नोंदींत रीसेटच्या ओळींची रांग दिसली तर लिबव्हर्टमध्ये गेस्टकडून होणारा रीसेट अडवण्याची सोय आहे, ती वापरून पाहावी.

आता समजा हे सगळे पार पडले आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये रीडर नीट दिसू लागला. कार्यालयातल्या आर्टिकलशिप करणाऱ्या मुलीने मला फोनवर सांगितले होते, "दादा, रीडर दिसतोय, त्यावर पिवळं चिन्हही नाही, पण युटिलिटी म्हणतेय टोकनच नाही." मी तिला विचारले की तू विंडोजमध्ये शिरलीस कशी. ती आपल्या लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉपने शिरली होती, आणि उत्तर तिथेच होते. रिमोट डेस्कटॉपच्या सत्रात विंडोजची स्मार्ट कार्ड यंत्रणा त्या मशीनला लावलेले रीडर दाखवतच नाही. ती चौकशी सत्र उघडणाऱ्या संगणकाकडे वळवते. डिव्हाइस मॅनेजर सर्वांना तेच दाखवतो, म्हणून तिथे रीडर दिसतो, पण सही करणारी युटिलिटी स्मार्ट कार्डची यादी मागते तेव्हा तिच्या हाती लॅपटॉपची रिकामी यादी येते. तीच मुलगी होस्टसमोर बसून व्हर्ट-मॅनेजरच्या खिडकीतून शिरली तेव्हा टोकन लगेच दिसले. रिमोट डेस्कटॉपनेच काम करायचे असेल तर टोकन लॅपटॉपला लावावे आणि जोडणीच्या स्थानिक साधनांत स्मार्ट कार्डचा पर्याय चालू ठेवावा. मग होस्टवरच्या पासथ्रूची गरजच उरत नाही. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीचे एनहान्स्ड सेशनही आतून रिमोट डेस्कटॉपच असल्याने तिथेही हेच लागू होते. या एका गोष्टीपायी निर्दोष टोकने बदलून घेतली जातात, म्हणून ती मी इतक्या आग्रहाने सांगतो आहे.

तपासणी करताना टोकनचा पिन मात्र टाकू नये. ठरावीक वेळा चुकीचा पिन पडला की टोकन लॉक होते आणि जोडणीची अडचण सोडवताना प्रमाणपत्रच हातचे जाते. युटिलिटीत प्रमाणपत्रावरचे नाव दिसते का, एवढे पाहिले की जोडणी सिद्ध होते.

थोडा वेळ चालून मग गायब होणारे उपकरण हा वेगळा प्रकार आहे. गेस्टमधले विंडोज वीज वाचवण्यासाठी उपकरणाला झोपवत असेल तर यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती परवानगी काढून घ्यावी. होस्ट लॅपटॉप असेल आणि झाकण मिटल्यावर झोपत असेल, तर जागे झाल्यावर उपकरण पुन्हा नव्याने जोडावे लागेल असे धरूनच चालावे.

वेबकॅम, माइक आणि ऑडिओ इंटरफेस यांच्या बाबतीत मात्र वरचे सगळे जमूनही समाधान मिळत नाही. त्यांचा डेटा ठरलेल्या लयीत, न थांबता यावा लागतो आणि उशिरा आलेला तुकडा पुन्हा मागता येत नाही. उपकरण, होस्टचे कर्नल, क्यूईएमयू आणि आभासी कंट्रोलर अशा टप्प्यांतून जाताना ती लय बिघडते आणि आवाज तुटक येतो. तिथे एकेक उपकरण न देता अख्खा यूएसबी कंट्रोलरच पीसीआय उपकरण म्हणून गेस्टला द्यावा. त्यासाठी प्रोसेसरमध्ये इंटेलचे व्हीटी-डी किंवा एएमडीचे एएमडी-व्ही-आय असावे लागते, ते बायॉसमध्ये चालू करावे लागते, आणि तो कंट्रोलर ज्या आयओएमएमयू गटात, म्हणजे एकत्रच सोपवता येणाऱ्या उपकरणांच्या गटात, आहे त्या गटात होस्टला लागणारे दुसरे काही नसावे लागते. मदरबोर्डवरचे बरेचसे पोर्ट एकाच कंट्रोलरवर असतात आणि होस्टचा कीबोर्ड-माउसही बहुधा त्यावरच असतो. तो कंट्रोलर दिला तर होस्टच हातातून जातो. म्हणून कोणता पोर्ट कोणत्या कंट्रोलरवर आहे हे एलएसयूएसबीच्या झाडावरून आधी कागदावर उतरवावे, आणि मोकळा कंट्रोलर नसेल तर पीसीआय एक्स्प्रेसचे एक साधे यूएसबी कार्ड घेऊन तेच गेस्टच्या नावे करावे. मग त्या कार्डावर लावलेले प्रत्येक उपकरण थेट गेस्टच्या ताब्यात जाते. क्रमांक, फिल्टर आणि पीसीएससीडी यांचा तिथे संबंधच उरत नाही.